निषादावरचा मुक्काम : गिटारवर मेजर सेव्हन्थचा अभ्यास

परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेल्या सेमाडोहसारख्या गावी ज्यांची बदली होते, त्या शिक्षकांना, परिचारिकांना, वनखात्यातील कर्मचाऱ्यांना आणि कारकुनांना दिवसाच्या कामाची दगदग कितीही असली तरी सूर्यास्तानंतरचा वेळ मात्र विपुल मिळतो. आणि त्यांपैकी एखाद्याने अमरावतीच्या बाजारातून हौसेने गिटार आणलेली असावी, चार-सहा कॉर्ड बसवून झालेल्या असाव्यात, आणि यापुढे काय शिकावे हे सांगणारा जाणकार मात्र आसपास कोणी नसावा, अशी परिस्थिती असेल तर प्रस्तुत लेख त्याच्याकरिताच आहे असे समजावे. मेजर सेव्हन्थचा आर्पेजिओ हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. तो कठीण नाही. पण तो नीट बसवताना हाताइतकेच कानालाही शिस्त लावावी लागते, आणि आपल्याकडच्या श्रोत्याजवळ त्या शिस्तीची पूर्वतयारी, त्याला स्वतःला ठाऊक नसली तरी, पुष्कळच झालेली असते.

मेजर सेव्हन्थमध्ये चार स्वर येतात: षड्ज, शुद्ध गांधार, पंचम आणि शुद्ध निषाद. हे चारही स्वर एकदम छेडले की ती कॉर्ड, आणि तेच एकामागून एक सुटे करून वाजवले की तो आर्पेजिओ. गिटारवाले ज्याला फ्रेट म्हणतात त्या पडद्यांच्या मापाने बोलायचे तर षड्जापासून गांधार चार पडद्यांवर, गांधारापासून पंचम तीन पडद्यांवर, पंचमापासून निषाद पुन्हा चार पडद्यांवर, आणि निषादापासून तारषड्ज अवघ्या एका पडद्यावर आहे. चार, तीन, चार आणि एक हा तपशील एकदा मुखोद्गत झाला म्हणजे तारेवरील कोणत्याही जागेला षड्ज कल्पून उरलेले स्वर हुडकता येतात, आणि पुस्तकांतल्या ठिपक्यांच्या आकृत्यांची गरज बोटांच्या सोयीपुरतीच उरते.

खरी अडचण येते ती चौथ्या स्वरापाशी. नवशिका वादक सा, ग, प हे तीन स्वर ऐटीत वाजवतो, आणि निषादावर पाऊल पडते न पडते तोच घाईघाईने तारषड्ज गाठतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. निषाद आणि तारषड्ज यांमधील अंतर इतके थोडे आहे की एक स्वर दुसऱ्याकडे ओढला जाणे साहजिकच. शिवाय लहानपणी पेटीवर घोटलेले सारे अलंकार तारषड्जावर पोहोचूनच विसावलेले असल्यामुळे तेथे गेल्यावाचून वाक्य पुरे झाले असे वाटतच नाही. परंतु असे केल्याने मेजर सेव्हन्थ हाती न लागता साधी मेजर कॉर्डच पदरात पडते आणि निषाद तीत जाता जाता भेटलेल्या पाहुण्यासारखा उपरा राहतो. या आर्पेजिओचे सारे वैशिष्ट्य निषादावर थांबण्यात, आणि थांबल्यावर अस्वस्थ न होण्यात आहे.

वस्तुतः निषादावरील न्यास आपल्या कानाला अपरिचित नाही. यमनात गांधार वादी तर निषाद संवादी, आणि चांगला गवई मंद्र अथवा मध्य सप्तकातील निषादावर किती निश्चिंतपणे रेंगाळतो हे ज्याने एकदा लक्षपूर्वक ऐकले असेल त्याला या बाबतीत अधिक सांगावे लागणार नाही. एवढेच नव्हे, तर पुरिया किंवा मारवा यांसारख्या पंचमवर्ज्य रागांकरिता तानपुऱ्याची पहिली तार पुष्कळदा निषादात लावण्याचा प्रघात आहे. तेव्हा षड्ज आणि निषाद हे दोन्ही स्वर मैफल संपेपर्यंत एकत्र झंकारत असतात, आणि त्याबद्दल कोणा श्रोत्याने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. मेजर सेव्हन्थमध्ये जो किंचित उदास, किंचित प्रसन्न असा संमिश्र भाव लोकांना परका वाटतो, त्याचे अर्धे रहस्य त्या तानपुऱ्यात आधीच वाजत आलेले आहे.

म्हणून पहिला धडा गिटार खाली ठेवूनच घ्यावा. हल्ली मोबाइलमध्ये तानपुरा असतो. मेळघाटात मोबाइलच्या संपर्कावर विसंबून राहण्यात अर्थ नसल्यामुळे इंटरनेटवाचून चालणारा तानपुरा आधीच उतरवून घ्यावा, आणि त्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादात लावावी. मग सावकाश सा, ग, प, नि असे गावे आणि निषादावर चार मात्रा थांबावे. तारषड्जाकडे जायचे नाही, असा स्वतःलाच हुकूम द्यावा. त्यानंतर नि, प, ग, सा असे उतरावे. आवाज चांगला नसला तरी हरकत नाही; स्वर जागेवर लागला म्हणजे काम झाले. ज्यांना याहून रसाळ वाट हवी असेल त्यांनी हंसध्वनी ऐकावा. सा, रे, ग, प, नि एवढ्याच स्वरांच्या या रागातून ऋषभ वजा केला की आपले चार स्वर तंतोतंत शिल्लक राहतात. कर्नाटक पद्धतीत रामस्वामी दीक्षितांच्या नावे सांगितला जाणारा हा राग हिंदुस्थानी गवयांत रूढ करण्याचे श्रेय मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांना दिले जाते. आणि ज्यांना ख्यालाचा सराव नाही त्यांच्याकरिता सलील चौधरींनी ‘परिवार’ (१९५६) या चित्रपटात याच रागात बांधलेले लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे युगलगीत आहेच. ते ऐकताना चाल गुणगुणण्याचा मोह क्षणभर आवरून निषाद कोठे कोठे येतो आणि तेथून चाल कोणत्या दिशेला वळते, तेवढेच टिपावे.

आता गिटार हाती घ्यावी. सर्वांत जाड तार सहावी आणि सर्वांत बारीक ती पहिली, ही मोजणी येथे गृहीत धरली आहे. पांढरी एक, म्हणजे सी, हा षड्ज धरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर अनामिका आणि चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर मधले बोट ठेवावे; तिसरी व दुसरी तार मोकळीच राहू द्यावी. उजव्या हाताचा अंगठा पाचव्या तारेवर, तर्जनी चौथ्या, मधले बोट तिसऱ्या आणि अनामिका दुसऱ्या तारेवर ठेवून याच क्रमाने तारा छेडल्या की सा, ग, प, नि हा सबंध आर्पेजिओ डाव्या हाताची केवळ दोन बोटे खर्च करून वाजतो. गिटारच्या मांडणीने विद्यार्थ्याला दिलेली ही बक्षिशी आहे. ती घेऊन पुष्कळ जण येथेच थांबतात. तसे मात्र करू नये, कारण मोकळ्या तारांच्या आधाराने बसवलेली ही रचना दुसऱ्या षड्जावर जशीच्या तशी सरकवता येत नाही.

सरकवता येईल अशी रचना सहाव्या तारेवरून सुरू होते. तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे जी या स्वरावर, मधले बोट ठेवून त्याला षड्ज मानावे. दुसऱ्या पडद्यावर तर्जनी, तिसऱ्यावर मधले बोट, चौथ्यावर अनामिका आणि पाचव्यावर करंगळी अशी बोटांची नेमणूक शेवटपर्यंत कायम ठेवावी. कोणी कोणाच्या अखत्यारात शिरायचे नाही. आता सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सा, पाचव्या तारेच्या दुसऱ्यावर ग आणि पाचव्यावर प, चौथ्या तारेच्या चौथ्यावर नि आणि पाचव्यावर मधला सा, तिसऱ्या तारेच्या चौथ्यावर ग, दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर प, आणि अखेरीस पहिल्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर नि व तिसऱ्यावर तारषड्ज, अशी पूर्ण दोन सप्तके हात जागचा न हलवता मिळतात. हीच सारी रचना दोन पडदे वर नेली की षड्ज ए होतो, आणखी दोन पडदे वर नेली की बी.

याच चार पडद्यांच्या हद्दीत दुसरा एक आर्पेजिओ दडलेला आहे, आणि तो शोधून काढण्यात मला स्वतःला नेहमीच आनंद वाटत आला आहे. जी षड्ज असेल तर सी हा त्याचा शुद्ध मध्यम. आणि मध्यमाला षड्ज कल्पून घेतलेले सा, ग, प, नि हे मूळ षड्जाच्या हिशेबाने म, ध, सां, गं होतात, म्हणजे सारे शुद्ध स्वरच. पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर मधल्या बोटाने आरंभ करावा. चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर तर्जनी आणि पाचव्यावर करंगळी, तिसऱ्या तारेच्या चौथ्यावर अनामिका आणि पाचव्यावर करंगळी, लगेच दुसऱ्या तारेच्याही पाचव्यावर करंगळी, आणि शेवटी पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर मधले बोट. येथे करंगळीला एकाच पडद्यावर एका तारेवरून शेजारच्या तारेवर जावे लागते. ती उचलून पुन्हा टेकवली तर दोन स्वरांमध्ये फट पडते, आणि दोन्ही तारांवर आडवी दाबून ठेवली तर पहिला स्वर दुसऱ्यात मिसळून गढूळ होतो. म्हणून करंगळीच्या टोकाने तिसरी तार दाबावी आणि स्वर वाजताच शेवटचे पेर किंचित आडवे करून दाब दुसऱ्या तारेवर लोटावा, म्हणजे तिसरी तार आपोआप मुकी होते. पहिले काही दिवस करंगळी ऐकणार नाही. तिला रोज थोडे थोडे राबवावे. एका बैठकीत छळू नये, कारण मनगट दुखू लागले की वादक नकळत अंगठ्याने गिटारच्या मानेला आवळू लागतो आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षे जात नाही.

रचना हाताखाली आल्या म्हणजे बहुतेक जण त्या खालून वर आणि वरून खाली अशा पळवत सुटतात. असल्या धावपळीने बोटे चपळ होतात, कान मात्र झोपी जातो. याला उतारा आपल्याच भूमीत फार पूर्वी लिहून ठेवलेला आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाच्या पदरी तेराव्या शतकात श्रीकरणाधिप, म्हणजे पुढील काळाच्या भाषेत फडणिसासारख्या हुद्द्यावर, असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त खंडमेरूचे प्रकरण सांगितले आहे: दिलेल्या स्वरांची जितकी म्हणून उलटसुलट मांडणी होऊ शकते तितकी सारी क्रमवार लिहिण्याची आणि तीतील कोणतीही मांडणी कितवी आहे हे काढण्याची ती रीत होय. सात स्वरांच्या ५०४०, चार स्वरांच्या २४. राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या माणसाला स्वरांचीही अशी खतावणी करावीशी वाटली यात नवल नाही. तीच परंपरा पुढे मेरुखंड या नावाने भेंडीबाजार घराण्यात आणि इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या गायकीत नांदली. आपल्या कामापुरते पाहता, षड्जापासून सुरू होणाऱ्या सहा मांडण्या अशा: सागपनि, सागनिप, सापगनि, सापनिग, सानिगप, सानिपग. एका दिवशी या सहा, दुसऱ्या दिवशी गांधारापासूनच्या सहा, तिसऱ्या दिवशी पंचमापासूनच्या, चौथ्या दिवशी निषादापासूनच्या. आणि प्रत्येक मांडणी आधी गाऊन मगच वाजवायची. यांतील सानिगप ही मांडणी विशेष उपकारक आहे. षड्जावरून एकदम निषादावर उडी घेताना बोट अंधारात चाचपडत नाही ना, याची तेथे रोखठोक परीक्षा होते, आणि निषादावरून तारषड्जाकडे पळण्याची वाटही बंद असते.

लयीचे पथ्य थोडक्यात सांगतो. मिनिटाला साठ मात्रा, मात्रेला एक स्वर. प्रत्येक स्वर आपली मात्रा पूर्ण भरेपर्यंत ऐकू आला पाहिजे. तसे निर्दोष झाल्यावरच दुगुन. तीनतालात चार स्वरांचे गट इतके मुकाट बसतात की वादकाला लय सांभाळावीच लागत नाही. म्हणून थोड्याच दिवसांत रूपक घ्यावा. सात मात्रांच्या आवर्तनात चाराचा गट दरवेळी वेगळ्या मात्रेवर सुरू होतो, आणि सात गट संपले म्हणजे चार आवर्तनांनंतर पुन्हा समेवर येतो. पायाने मात्रा धरून हे साधले, तर पुढे कोणत्याही गाण्यात हा आर्पेजिओ घुसवताना धांदल होणार नाही.

तारा लावण्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे तोच येथे अधिक फसतो. गिटारचे पडदे समान अंतराच्या स्वरपद्धतीचे असतात. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर तानपुऱ्याच्या षड्जातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा गिटारचा गांधार सुमारे चौदा भागांनी चढा असतो, आणि निषाद सुमारे बारा भागांनी. पेटीविरुद्ध आपल्या जाणकारांची जी जुनी फिर्याद, तीच ही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीतले गृहस्थ. त्यांनी बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या व न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या खटपटीतून श्रुति-हार्मोनियमही निर्माण झाली. गिटारच्या बाबतीत तेवढे धाडस करण्याचे कारण नाही. पण एवढे मात्र ध्यानात ठेवावे की तिसरी आणि दुसरी मोकळी तार यांमधील अंतर षड्ज-गांधाराचे आहे, आणि ते कानाला गोड लागेपर्यंत दुसरी तार उतरवली तर तेवढ्या दोन तारा सुरेल आणि बाकीच्या साऱ्या कॉर्ड बेसूर, असा प्रकार होतो. दुसरी तार तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्याशी मिळवावी, अथवा मोबाइलच्या ट्यूनरवर भरवसा ठेवावा. अभ्यासाच्या वेळी तानपुरा लावून गिटार वाजवताना गांधार किंचित टोचू लागला, तर वाद्य बिघडले अशी शंका घेऊ नये. तो आपल्या कानाच्या चांगुलपणाचा दाखला होय.

मेळघाटच्या हवेचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत लाकूड दमट हवा पिऊन फुगते, गिटारचे पोट वर येते, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि वर ज्या करंगळीची एवढी काळजी केली तिच्यावर दुप्पट भार पडतो. उलट उन्हाळ्यात वऱ्हाडातून नेता-आणताना तेच लाकूड इतके आकसते की पडद्यांची टोके मानेच्या कडेला बाहेर येऊन तळहाताला बोचतात. भोवती सागाचे उत्तम लाकूड उभे आहे, पण गिटारची पाटी बहुधा स्प्रूसची, थंड प्रदेशातली असते, आणि तिला हे हेलकावे मानवत नाहीत. म्हणून सेमाडोहला राहणाऱ्याने महागड्या अखंड लाकडाच्या गिटारीपेक्षा थरांच्या लाकडाची साधी गिटार घेतलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा नाद थोडा उणा असला तरी ती ऋतुमान निमूटपणे सोसते. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोके पाडून तीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवावा आणि ती डबी गिटारच्या पेटीत टाकावी. पावसाळ्यात तीच जागा सिलिका जेलच्या पुड्यांना द्यावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि तारांचा एक जादा संच नेहमी जवळ बाळगावा, कारण तार तुटते ती बाजारच्या आदल्या दिवशी नव्हे. एस.टी.च्या टपावर किंवा उन्हात बंद केलेल्या मोटारीत गिटार ठेवल्यास घोडीचा सरस सुटून ती तारांसकट वर येण्याचा संभव असतो.

राहता राहिला प्रश्न उपयोगाचा. हिंदी चित्रपटसंगीतात आपल्या चालींखाली पाश्चात्त्य स्वरसंवाद बसवण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर गोमंतकीय वादकांनी केले. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चसंलग्न शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून ही मंडळी मुंबईस आली. प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. गिटारपुरते बोलायचे तर १९३६ साली मुंबईत जन्मलेले, गोमंतकीय वंशाचे अमान्सियो डिसिल्व्हा यांचे नाव घ्यावे लागेल. इंग्लंडात गेल्यावर त्यांनी १९६९ साली काढलेल्या ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ या ध्वनिमुद्रिकांत जॅझचे आर्पेजिओ आणि रागाचे चलन एकाच हातातून कसे निघते ते ऐकायला मिळते. विद्यार्थ्याने त्यांतील एखादा तुकडा निवडून त्यात सा, ग, प, नि हा समूह कोठे उमटतो हे कानाने शोधावे. हा उद्योग दहा पाने वाचण्याहून लाभदायक आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा शेजारच्या बैठकीत कोणाच्या भावगीताला साथ करण्याचा प्रसंग आला, तर मेजर सेव्हन्थ कोठे योजावी याचा निवाडा गाणाऱ्याचा स्वर कोठे विसावतो यावरून करावा. गायक षड्जावर स्थिरावलेला असताना साथीत निषाद वाजला की दोन स्वर एकमेकांना घासतात, आणि गायकाला आपणच बेसूर झालो की काय अशी शंका येते. अशा जागी साधी मेजर कॉर्ड वाजवावी, अथवा निषादाऐवजी धैवत घेऊन सा, ग, प, ध असा समूह करावा. गायक गांधारावर, पंचमावर किंवा खुद्द निषादावर थांबला असेल तर मात्र मेजर सेव्हन्थ मोकळ्या मनाने द्यावी. मध्यमावरची म, ध, सां, गं ही रचनाही याच न्यायाने जोखावी: तिथला तिचा निषाद म्हणजे मूळ गांधार, तेव्हा गायक मध्यमावर असेल तर ती टाळावी आणि गांधारावर किंवा धैवतावर असेल तर घ्यावी. आणि पेटीवाला किंवा तानपुरा षड्ज धरून बसलेलाच असेल, तर गिटारने तो पुन्हा वाजवण्याचे काही प्रयोजन नाही. ग, प, नि एवढे तीनच स्वर वरच्या तीन तारांवर सुटे सुटे सोडावेत. पांढरी एक षड्ज असताना हे तीन स्वर म्हणजे ई मायनरची कॉर्ड, आणि ती तर बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात बसवलेली असते.